उमेद आणि सलोखा : एका ग्रंथाची प्रस्तावना

विशी उलटता उलटता एखाद्या कचेरीच्या, पेढीच्या अथवा कारखान्याच्या हजेरीपटावर आपले नाव चढविणारा आणि साठीच्या सुमारास निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन तेथून बाहेर पडणारा मनुष्य आपल्या जागृत आयुष्याचा सर्वांत सलग भाग ज्या माणसांच्या सहवासात काढतो, ती माणसे त्याने स्वतः निवडलेली नसतात. सोयरीक जुळविताना आपण मुलाच्या आजोळचीदेखील चौकशी करतो, भाड्याची जागा घेताना शेजार कसा आहे हे पाहून घेतो. परंतु ज्याच्या मेजाला मेज लावून तीस वर्षे बसावयाचे, ज्याच्या शेऱ्यावर आपली बढती आणि ज्याच्या मर्जीवर आपली रजा अवलंबून राहावयाची, तो कोण असावा याविषयी आपले मत कोणी विचारीत नाही. असे असूनही या सहवासाचा विचार आपल्या वाङ्मयात फार थोडा झाला आहे. संसार, परमार्थ आणि राजकारण या विषयांवर मराठीत ग्रंथांची वानवा नाही. कचेरी मात्र बहुधा विनोदाच्याच वाट्याला आली, आणि तेथील कारकून हा जुनी छत्री, डबा आणि साहेबाची भीती एवढ्या तीन लक्षणांवरून ओळखला जाऊ लागला. त्यालाही आपल्या कामाची कधी गोडी वाटत असेल, आणि ती गोडी नाहीशी होते तेव्हा त्याच्या आयुष्यातून काही मोलाचे जात असेल, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी आले.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच आहे. कामाची उमेद मनुष्याने आपल्या ठायी कशी राखावी आणि ज्यांच्या बरोबरीने काम करावयाचे त्यांच्याशी सलोखा कसा जोडावा, अशी त्याची दोन अंगे आहेत. आणि या दोहोंवर दोन स्वतंत्र पुस्तके न लिहिता ती एकाच पुस्तकात का गोविली, याचा खुलासा करणे हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रयोजन होय. कारण बाजारात पाहावे तर हे विषय बहुधा निरनिराळ्या फळ्यांवर मांडलेले आढळतात. एका फळीवरील पुस्तके वाचकाला पहाटे पाच वाजता उठवून मोठमोठे संकल्प सोडावयास लावतात. दुसऱ्या फळीवरील पुस्तके त्याला हसावयास, समोरच्याचे नाव ध्यानात ठेवावयास आणि त्याच्या आवडीच्या गोष्टी काढावयास शिकवितात. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ पुरुष डेल कार्नेगी होत. न्यूयॉर्कमध्ये 1912 सालापासून ते व्यापारी आणि नोकरदार मंडळींना वक्तृत्वाचे पाठ देत असत, आणि त्या अनुभवावर आधारलेले, मित्र जोडण्याच्या कलेवरील त्यांचे पुस्तक 1936 साली निघाले. त्यातील सल्ला खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो ज्या प्रसंगाला शोभतो तो प्रसंग गिऱ्हाइकाच्या तासाभराच्या भेटीचा आहे. जेथे तीच माणसे तीच कागदपत्रे घेऊन वर्षानुवर्षे एकमेकांसमोर येतात, तेथे हास्याची पारख फार लवकर होते. आपला कागद ज्याच्याकडे आठवडाभर पडून आहे त्याने जिन्यावर भेटताच आपल्या मुलाच्या परीक्षेची प्रेमाने चौकशी केली, तर ती गोड न लागता झोंबतेच.

कामातील नाते गोड बोलण्याने फारसे जडत नाही आणि परखड बोलण्याने फारसे तुटतही नाही. एकाच्या हातचे काम दुसऱ्याच्या हाती जाते त्या क्षणी ते जडते अथवा तुटते, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे. काम ज्या स्थितीत यावयाचे त्या स्थितीत आले, ज्या वेळी यावयाचे त्या वेळी आले, आणि ते कोणी केले हे पुढे सांगताना कोणाचे नाव गाळले गेले नाही, म्हणजे विश्वास बसतो. आणि अशा विश्वासाच्या माणसांत वावरणाऱ्याची उमेद टिकविण्यासाठी निराळे उपाय सहसा करावे लागत नाहीत. उलट, उत्तम केलेले काम कोणी तरी बिघडवील किंवा बळकावील अशी खात्री झालेल्या मनुष्याला पहाटेच्या संकल्पांनी काही लाभ होत नाही. उमेद आणि सलोखा यांचा हा असा जोड आहे.

पैठणचे संत एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींपाशी असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते, आणि एके रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून ते दिव्याच्या उजेडात वह्या तपाशीत बसले व चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविते झाले, ही परंपरेने चालत आलेली कथा मराठी घरांत बहुतेकांच्या कानांवरून गेलेली आहे. कीर्तनकार तिचा उपयोग पुढील उपदेशासाठी करतात : एका पैपायी एवढा आनंद, तर हीच एकाग्रता ईश्वराकडे लागल्यास काय होईल, असे स्वामींनी म्हटले आणि शिष्याचा मार्ग बदलला. त्या उपदेशाशी आमचा वाद नाही. परंतु कीर्तनकार ज्या रात्रीवरून घाईने पुढे जातात ती रात्र आमच्या विषयाची आहे. एका पैने कोणाचे घर बुडणार नव्हते, जागरणाबद्दल कोणी इनाम लावून देणार नव्हते, आणि आपणांस कोणी पाहत आहे याची त्या हिशेबनिसाला वार्ताही नव्हती. तरीही उद्या जे खाते दुसऱ्याच्या नजरेखालून जावयाचे ते बिनचूक असले पाहिजे, ही टोचणी त्याला निजू देईना. कथेची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. जाग आलेल्या स्वामींनी शिष्याला हाक मारली नाही, दिवा मालवून निजण्याची आज्ञा केली नाही, की श्रमाबद्दल शाबासकीही दिली नाही. ते पाहत राहिले आणि टाळी वाजल्यानंतर बोलले. हाताखालच्या मनुष्याचे काम ते चालू असताना लक्षपूर्वक पाहावे आणि ते पुरे होईतो मध्ये तोंड घालू नये, एवढा संयम ज्याच्या अंगी आहे असा वरिष्ठ मिळणे ही नोकरीतील थोर भाग्याची गोष्ट होय. त्याच संतपरंपरेत समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास अक्षर कसे लिहावे, कागद-शाई कशी असावी याला दिला आहे, याचेही आम्हांला फार अगत्य वाटते. सुवाच्य अक्षर काढणारा लेखक आपल्या अनोळखी वाचकाशी सौजन्याने वागत असतो, आणि ते सौजन्य त्या दोघांची कधी भेट झाली नाही तरी पोचते.

आता कोणी म्हणेल की नाथांची गोष्ट निराळी. सामान्य चाकरमान्याची उमेद आतून येत नाही, ती बाहेरून आणावी लागते. हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा पद्धतशीर तपास करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत शिकागोनजीक सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात झाला. टेलिफोनची सामग्री बनविणारा तो अवाढव्य कारखाना. आरंभी प्रश्न साधा होता : दिव्याचा उजेड वाढविल्यास काम वाढते काय? उजेड वाढविला तेव्हा काम वाढले. पण जेथे उजेड वाढविला नव्हता तेथेही वाढले, आणि पुढे उजेड कमी केला तरी ते लगेच घटेना. मग 1927 साली सहा स्त्री-कामगारांना एका निराळ्या खोलीत बसवून रिले नावाच्या लहानशा उपकरणाची जुळणी त्यांच्याकडे सोपविली, आणि विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, अल्पोपाहार यांत एकामागून एक फेरफार करून पाहिले. काम वाढत गेले. मध्यंतरी साऱ्या सवलती काढून घेऊन जुनी स्थिती आणली, तरी ते फारसे उतरले नाही. हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, मनुष्याला आपली दखल घेतली जात आहे असे वाटले आणि त्याच्या भोवती आपुलकीचा एक गट तयार झाला, म्हणजे तो अधिक आणि अधिक आनंदाने काम करतो.

हा निष्कर्ष जगभर गाजला, आणि व्यवस्थापनाच्या कित्येक पुस्तकांत तो आजही जसाच्या तसा उतरवून घेतला जातो. परंतु त्या खोलीचा वृत्तान्त बारकाईने वाचणाऱ्याला त्यात दोन अडचणीच्या बाबी आढळतात. पहिली, त्या सहाजणींचे वेतन त्यांच्या लहानशा गटाच्या कामावरच आकारले जाऊ लागले होते, तेव्हा वाढीचे श्रेय आपुलकीला किती आणि पैशाला किती, हे उलगडून सांगणे सोपे नाही. दुसरी बाब त्याहून बोलकी आहे : 1928 सालच्या जानेवारीत त्यांपैकी दोघींना फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत या सबबीवर तेथून हलवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. आपुलकीचा गट म्हणून ज्याची ख्याती झाली तो अशा रीतीने काही अंशी वरून निवडून काढलेला होता. सलोख्याविषयीच्या किती तरी गोड वृत्तान्तांत अशा दोघी असतात, आणि त्यांचे म्हणणे कोणी नोंदवून ठेवलेले नसते.

त्याच कारखान्यातील शेवटचा प्रयोग पहिल्याइतका प्रसिद्ध नाही; आमच्या मते तोच अधिक शिकवितो. 1931-32 साली चौदा पुरुष कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक केवळ पाहत बसला. त्या मंडळींत सलोखा उत्तम होता : थट्टामस्करी होती, पैजा होत्या, अडल्यानडल्यास मदत होती. पण दिवसाचे योग्य काम किती, याचे एक माप त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते, आणि कोणी हौसेने त्यापुढे जाऊ लागला तर शेजारी त्याच्या दंडावर गुद्दा लगावून त्याला जाग्यावर आणीत. वरिष्ठांना चहाडी करणारा जसा त्यांना अप्रिय, तसाच अधिक काम करणाराही अप्रिय. त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. आज अधिक काम केले तर उद्या दर उतरेल किंवा काहींची नोकरी जाईल ही त्यांची भीती होती, आणि ती मंदीची वर्षे लक्षात घेता ती अवास्तव म्हणवत नाही. आपल्या कचेऱ्यांतूनही नव्याने रुजू झालेल्या तरुणाला पहिल्या महिन्यात मिळणारा सल्ला — ‘एवढी घाई कशाला? नंतरच्यांना त्रास होतो’ — हा त्याच गुद्द्याचा सभ्य अवतार होय. सलोखा स्वतः होऊन कामाचा मित्र नसतो. वरच्यांच्या वचनावर भरवसा नसला म्हणजे खालची माणसे एकमेकांना घट्ट धरतात, आणि त्या घट्ट मिठीत सर्वांत आधी गुदमरते ती एकट्याची उमेद.

भरवशाचा हा मुद्दा पुढे नेण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. 1869 साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले आणि रंग नीट ओळखू येत नाहीत असे आढळल्यामुळे त्यांना ती सोडावी लागली; व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापकी केली, पण बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्यास पुढे आणल्यामुळे तीही सोडली. बेळगावास बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने ते नांगर दीर्घकाळ पडून राहिले. पुढे बेळगावची जागा नगरपालिकेने खाली करावयास लावली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनानजीकचा निवडुंगाने भरलेला माळ आणि काही भांडवल दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली.

हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हांला त्यातील माणसांची निवड अधिक विचार करण्याजोगी वाटते. ज्यांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर गेले त्यांत नाव घेण्याजोगी पदवी असलेले थोडे होते. आधीच्या प्रत्येक उद्योगात अपयश पदरी आलेले गृहस्थ तेथे कारभार सांभाळू लागले, शिक्षण अर्धवट सुटलेला तरुण तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरला, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर नेमली गेली ती दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसे. स्वतः डावलले गेल्याचा अनुभव मनुष्याला दोन प्रकारे घडवितो. काही जण पुढे अधिकार हाती येताच इतरांना डावलू लागतात, आणि काही जणांना डावललेला मनुष्य नेमका दिसू लागतो. लक्ष्मणराव या दुसऱ्या प्रकारचे. पहारेकऱ्यांना त्यांनी उमेदीवर व्याख्यान दिले असेल असे वाटत नाही. वखारीची राखण त्यांच्याकडे सोपविली, आणि तेवढे पुरे झाले. (याच औंध संस्थानात पुढे 1939 च्या सुमारास आटपाडीनजीक स्वतंत्रपूर येथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत निघाली, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचला.) किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या आवारातून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले, नांगर विकणाऱ्या मंडळींची ती बातमीपत्रिका वाढत वाढत महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक झाली, ही गोष्टही काम करणाऱ्याला आपल्या कामाबाहेर मान वर करून पाहू देणाऱ्या वातावरणाशिवाय घडली नसती.

तथापि या वसाहतीची आरती ओवाळण्याचा आमचा मानस नाही. तेथील सलोखा हा एका वडीलधाऱ्या पुरुषाभोवतीचा सलोखा होता. मालक चांगला निघाला म्हणून तो नांदला, आणि मालक कसा निघावा हे कामगाराच्या हाती नव्हते. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्या कारखान्याला आग लावली गेली. त्या वेळी साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात जे घडले त्याची कारणे फार व्यापक होती, आणि त्यांचा निवाडा या प्रस्तावनेत होऊ शकत नाही. परंतु कुंपणाच्या आत जोडलेला स्नेह कुंपणाबाहेरच्या गावांपर्यंत किती पोचला होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय किर्लोस्करवाडीचा दाखला देऊ नये.

मालकाच्या चांगुलपणावर हवाला ठेवता येत नाही म्हणूनच नियम लागतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार नेमण्याचा, त्याला रजा देण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार बराच काळ व्यवहारतः जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे, आणि तो या अधिकाराची दस्तुरी वसूल करी. पहाटे भोंग्याआधी फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला आज आत घेतले जाईल की परत जावे लागेल, हे जॉबरच्या मुद्रेवरून ताडावे लागे. अशा ठिकाणी मनुष्य जोडण्याची कला म्हणजे जॉबरची मर्जी राखण्याची कला, आणि कामाची उमेद म्हणजे पोटाची धास्ती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या खटपटीने 1890 च्या जूनमध्ये आठवड्याची रविवारची सुटी पदरात पडली, तेव्हा मालक व मजूर यांच्या नात्यात जी सुधारणा झाली ती शंभर स्नेहसंमेलनांनी झाली नसती. वेतन, विश्रांती आणि नेमणूक यांत न्याय नसेल तेथे सलोख्याचा उपदेश करणे हा एक प्रकारचा उद्दामपणा आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. आणि ज्या वाचकाची नोकरी तशी असेल त्याने हे पुस्तक मिटून आधी आपल्या संघटनेची वर्गणी भरावी.

त्याच मुंबईत त्याच 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला डबे पोचविण्याचा व्यवसाय मात्र निराळ्या बैठकीवर उभा राहिला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या या मंडळींत डबा घरापासून कचेरीपर्यंत अनेक हात बदलतो. झाकणावरील खुणेने तो ओळखला जातो, आणि गटातील जुन्या-नव्यांना बहुतांशी सारखा वाटा मिळतो. तेथेही मुकादम असतो, पण गरज पडल्यास तोही खांद्यावर डबे घेतो. ज्याने डबा चुकीच्या फलाटावर उतरविला त्याला साहेबाच्या शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या स्टेशनावर रिकाम्या हातांनी उभा असलेला आपलाच गाववाला त्याला पुरेसा असतो. गाव, नाते आणि पंढरीची वारी यांचे जे बंध त्यांना मिळाले ते शहरातील कचेरीला मिळणार नाहीत हे खरे. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या कामाची जोखीम सर्वांची सारखी, आणि मोबदलाही सारखा, ही व्यवस्था मात्र कोठेही थोड्याबहुत अंशाने करता येण्याजोगी आहे.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडे सांगावयाचे राहिले. आरंभीची प्रकरणे ज्याने नुकतीच नोकरी धरली त्याच्यासाठी आहेत. त्यांत काम समजून घेणे, न समजल्यास विचारणे, होणार नाही ते काम होणार नाही असे वेळीच सांगणे, आणि आपल्या जागी उद्या येणाऱ्यासाठी दप्तर नीट लावून ठेवणे, असे साधे विषय आहेत. मधली प्रकरणे बरोबरीच्यांविषयी आहेत, आणि ती लिहिणे सर्वांत कठीण गेले. कारण वरिष्ठाचा जाच मनुष्य उघड बोलून दाखवितो, पण बरोबरीच्याच्या बढतीने होणारी जळजळ तो स्वतःशीदेखील कबूल करीत नाही. हेवा नाहीसा कसा करावा याचा उपाय या पुस्तकात सापडणार नाही. हेवा वाटत असतानाही त्याच मनुष्याच्या हाती काम नीट कसे सोपवावे, एवढाच विचार तेथे केला आहे, आणि तो पुरेसा आहे असे अनुभवी वाचकांना वाटेल अशी आशा आहे. आज कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली असली आणि सहकारी दुसऱ्या शहरी बसलेला असला, तरी यात मोठा फरक पडलेला नाही. उलट, ज्याचे तोंड दिसत नाही त्याच्या अर्धवट सोडलेल्या कामाचा राग अधिक लवकर येतो. अखेरची प्रकरणे ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांच्यासाठी होत. श्रेयाची वाटणी, चूक एकांतात दाखविणे, दिलेला शब्द आणि न दिलेला शब्द यांची नोंद ठेवणे, हे विषय त्यांत सविस्तर आले आहेत.

अशा प्रकारची पुस्तके वरिष्ठांनी विकत घ्यावीत आणि हाताखालच्या मंडळींस वर्षाअखेर भेट द्यावीत, अशी एक चाल अलीकडे पडली आहे. या पुस्तकाचा असा उपयोग करू पाहणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, त्यांनी ते वाटण्यापूर्वी अखेरची प्रकरणे स्वतः वाचावीत, आणि वाचून झाल्यावरही ते वाटावेसे वाटले तरच वाटावे.